कसं चाललंय?



या व्यासपीठाला पाच पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा नाही. मला हे पंधरा दिवसांपूर्वीच ठाऊक होतं. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी आधी विषय विचारला नाही, वेळ विचारली नाही. पायऱ्या किती, ते विचारलं. आज दुपारी मांडववाल्यांनी उजव्या अंगाला दोन बांबू रोवले, त्यांवर आडवा बांबू टाकून सुतळीनं करकचून बांधला, आणि त्यांच्यातल्या एकानं त्याला स्वतः लोंबकळून दाखवलं. "बाई, म्हैस बांधा याला," म्हणाला. त्या बांबूला धरून मी वर आले. मी चढत असताना पहिल्या रांगेतले दोघंतिघं हात द्यायला अर्धवट उठले आणि पुन्हा बसले, तेही मी पाहिलं. उठलात म्हणून आभार, आणि बसलात म्हणून जास्त आभार. कुणी दंडाला धरून वर ओढलं की माझा तोल माझ्याकडे राहत नाही, ओढणाऱ्याकडे जातो. आधार द्यायचाच तर आपला हात पुढे करून नुसतं उभं राहावं. धरायचा की नाही आणि कुठे, ते मी बघीन.

संयोजकांनी मुळात मे महिना सुचवला होता. मी डिसेंबर मागून घेतला. का, ते पुढे येईल.

इथे वाईच्या शाळेत एक गुरुजी आम्हाला भूगोल शिकवायचे. १९७७ साली, मी सहावीत असताना, त्यांनी शाळेच्या मैदानावर तीस मीटरची दोरी ताणली आणि प्रत्येकाला तिच्या कडेनं तीनदा चालवलं. "ऐटीत चालू नका, रोज चालता तसं चाला," असं ओरडत होते. तीन वेळची पावलं मोजायची, सरासरी काढायची, तीस मीटरला तिनं भागायचं, की आलं तुमचं पाऊल. माझं चोपन्न सेंटिमीटर आलं. त्या पावलांनी आम्ही शाळा ते गणपती घाट हे अंतर मोजलं आणि वहीत नकाशा काढला. माझा नकाशा चुकला, कारण अर्ध्या वाटेत मी मैत्रिणीशी गप्पांत रमले आणि आकडा हरवला. गुरुजी म्हणाले, "बोलायचं तर बोल, मोजायचं तर मोज." या वाक्याचा मला पुढे इतका उपयोग होईल असं त्यांनाही वाटलं नसेल.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. आम्ही नुसतं एमएस म्हणतो. निदान होऊन चोवीस वर्षं झाली. आणि मराठीत राहणाऱ्या एमएसवाल्याची गंमत अशी, की रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण पहिल्याच वाक्यात नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवतो: "काय, कसं चाललंय?" आपल्या भाषेनं सगळा संसार पायांवर सोडलाय. दुकान चालतं, घड्याळ चालतं, साखर कमी असली तरी चहा चालतो. माणूस अचानक गेला तर चालताबोलता गेला म्हणायचं. म्हातारी माणसं देवाकडे मागणं मागतात तेही "हातपाय चालताहेत तोवर ने" असंच. पहिली काही वर्षं मी या प्रश्नाला "चाललंय" एवढंच म्हणत असे. आज तासभर मिळालाय, तर सविस्तर सांगते.

सुरुवात एका चपलेनं झाली. १९९९ साल, पुण्यात लकडी पुलावरून मी घरी निघाले होते. मागून एक मुलगा धावत आला, "काकू, तुमची चप्पल!" बघते तर उजवा पाय अनवाणी. चप्पल वीसेक पावलं मागे राहिली होती. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते, त्यामुळे काकू म्हटल्याचाच राग जास्त आला. पायातली चप्पल गेली आणि पायाला कळलं नाही, ही गोष्ट विचित्र आहे, हे लक्षात यायला रात्र झाली. मग दोन वर्षं मणक्यात गॅप असल्याचं ऐकलं, कमरेला पट्टा बांधला, वजनं लावून घेतली. २००१ साली डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं, डोळ्यांच्या डॉक्टरांना शंका आली, एमआरआय झाला आणि मेंदूत व मानेच्या मज्जारज्जूत पांढरे डाग दिसले. या मधल्या काळातल्या डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही. एमएस पहिल्याच भेटीत ओळखू येईल असा वागत नाही.

आता डाग कसले, ते सांगते. इथे माझी नोकरी मदतीला येते. मी टेलिफोन खात्यात होते, ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागले, आणि बरीच वर्षं जमिनीखालच्या केबलींची कामं पाहिली. जुन्या केबलीत प्रत्येक तारेवर कागदाचं वेष्टन असे. पावसाळ्यात कुठे शिशाच्या आवरणाला चीर गेली, पाणी शिरलं, की तार तुटलेली नसतानाही फोन खरखरायचा, आवाज बारीक व्हायचा, कधी सदाशिव पेठेतल्याला नारायण पेठेतलं बोलणं ऐकू यायचं. एमएसमध्ये साधारण हेच होतं. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिनचं स्निग्ध आवरण असतं आणि शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणाच त्यावर हल्ला करते. चांगलं आवरण असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावतो. बिनआवरणाच्या तंतूंचा वेग सेकंदाला एकदोन मीटर, म्हणजे आपल्या चालण्याइतकाच. आवरण जिथे उसवलं तिथे संदेश रेंगाळतो, तुकड्यातुकड्यानं पोचतो किंवा पोचतच नाही. पुढे काही तंतूच झिजतात, ती गोष्ट जास्त गंभीर.

म्हणजे बिघाड पायात नाही. हे नीट समजायला मला तीन वर्षं लागली, आणि नातेवाइकांना अजून लागताहेत. माझ्या पायांना गेल्या चोवीस वर्षांत जितकं तीळतेल लागलं तितक्यात गावजेवणाची फोडणी झाली असती. तेलानं बरं वाटतं, जरूर लावावं. पण उसवलंय ते वरच्या मजल्यावर.

या आजाराला वेगळं नाव आणि चेहरा दिला पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या शार्को यांनी, १८६८ साली. पण त्याच्याही आधी एका माणसानं हा आजार वहीत लिहून ठेवला होता. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू, ऑगस्टस देस्ते. १८२२ साली स्कॉटलंडमध्ये एका नातेवाइकाच्या अंत्यविधीला हजर राहिला आणि त्याला अक्षरं वाचता येईनात. मग दृष्टी परत आली, मग पाय गेले, मग परत आले. १८४६ पर्यंत तो हे टिपत राहिला. त्याच्यावर झालेले उपचार वाचण्यासारखे आहेत: दिवसातून दोनदा बीफस्टेक, लंडनची पोर्टर बिअर, शेरी, मदिरा, आणि अंगाला चोळायची औषधं. चोळण्याचा सोस फक्त आपलाच नाही, हे वाचून मला बरं वाटलं. १८४८ मध्ये तो गेला. आपल्याला काय झालं होतं त्याचं नाव त्याला कधीच कळलं नाही, पण त्याच्या नोंदी इतक्या चोख होत्या की पुढे शंभर वर्षांनी त्या छापल्या गेल्या तेव्हा वाचणाऱ्या डॉक्टरांना निदान करायला अडचण पडली नाही. नोंद ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला पक्षपात आहे. गुरुजींचा परिणाम.

शार्कोनंतर जवळजवळ सव्वाशे वर्षं एमएसच्या माणसाला एकच सल्ला मिळत राहिला: दमू नका. त्याला कारणही होतं. १८९० साली उटहोफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्यानं लिहून ठेवलं, की व्यायामानंतर काही रुग्णांची नजर मंदावते. पुढे कळलं, की दोष व्यायामाचा नसून अंग तापण्याचा आहे. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश कसाबसा, काठावर पास होत असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशानं चढलं तरी तो नापास होतो. अंग निवलं की पुन्हा पास. नुकसान झालेलं नसतं. पण बघणाऱ्याला वाटतं, व्यायाम केला आणि बाई आडवी झाली.

आता मे महिन्याचं कारण तुमच्या लक्षात आलं असेल.

मलाही तोच सल्ला मिळाला. एका डॉक्टरांनी सांगितलं, जिने चढू नका, ताण घेऊ नका, पडून राहा. मी आज्ञाधारक. आठ महिने रजा काढून पडून राहिले. आठ महिन्यांनी उठले तेव्हा आजारानं नेलं होतं त्याहून जास्त त्या पलंगानं नेलं होतं. मांड्या हडकल्या होत्या आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागत होते. मग चिडून उलट टोक गाठलं. एप्रिलच्या उन्हात, भर अकराला, संभाजी बागेला तीन फेऱ्या मारायच्या म्हणून निघाले. दुसऱ्या फेरीत पायांची लोकर झाली. एका भेळवाल्यानं स्टूल दिलं आणि डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. शास्त्र त्याला माहीत नसेल, पण उपचार अचूक होता. आज मी व्यायामाआधी गार पाणी पिते, मानेवर ओलं फडकं ठेवते, आणि चालणं सकाळी सातच्या आत उरकते.

जगानं मत बदललं ते फार उशिरा. १९९६ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात पेटाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएस असलेल्या ५४ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटानं पंधरा आठवडे, आठवड्यातून तीनदा, चाळीस चाळीस मिनिटं हातापायांनी फिरवायच्या सायकलीवर व्यायाम केला. त्यांचा दम वाढला, ताकद वाढली, मरगळ कमी झाली. रोगाच्या मोजपट्टीवरचा आकडा मात्र होता तिथेच राहिला. मला ही दोन्ही वाक्यं सारखीच महत्त्वाची वाटतात. व्यायामानं उसवलेलं आवरण विणून मिळतं असं मी इथे म्हणणार नाही. नवे हल्ले थोपवण्यासाठी औषधं वेगळी आहेत आणि ती न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्यानं वेळेवर सुरू करावीत. व्यायाम करतो ते दुसरं काम: जेवढा संदेश पोचतोय तेवढ्याचं पुरेपूर चीज करणारे स्नायू तयार ठेवतो. त्यानं आजाराचे झटके वाढत नाहीत, हेही नंतरच्या अभ्यासांतून पुढे आलंय. २०१३ साली कॅनडातल्या तज्ज्ञांनी सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांसाठी प्रमाण सांगितलं: आठवड्यातून दोनदा अर्धा तास दम लागेल असा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा. दोनदा. रोज नाही. आपल्याकडे एक तर पलंग, नाही तर मॅरेथॉन.

माझी फिजिओथेरपिस्ट माझ्याहून दहा वर्षांनी लहान होती. पहिल्या दिवशी तिनं व्यायाम दिलाच नाही. आमच्या गॅलरीत टेप लावून सात मीटर बासष्ट सेंटिमीटरवर खडूनं दोन रेघा मारल्या. हे पंचवीस फूट झाले. जगभर एमएसचं चालणं याच अंतरावर मोजतात: लवकरात लवकर, पण न पडता चालून दाखवायचं, आणि हातात स्टॉपवॉच. मला ९.८ सेकंद लागले. मला दोरी आठवली, मैदान आठवलं, आणि खरं सांगते, निदानानंतर पहिल्यांदा जरा घरच्यासारखं वाटलं. हे मला येत होतं. सहा महिन्यांनी ८.१ सेकंद आले. मी पेढे आणायला निघाले, तर ही म्हणते, "थांबा ताई. वीस टक्क्यांच्या आतला फरक आम्ही फरक धरत नाही, दिवसागणिक एवढं मागेपुढे होतंच." मी हिशेब केला. सतरा टक्के भरत होते. पेढे आणखी पाच महिने लांबले, ७.६ सेकंदांपर्यंत.

या चालण्याची मी एक वही केली. तिच्यात वेळ लिहायचे, तपमान लिहायचे, झोप किती झाली ते लिहायचे. तीन महिन्यांत वहीनं मला असं काही सांगितलं जे कुठल्याच तपासणीत आलं नव्हतं: माझं चालणं पहिल्या मिनिटाला वाईट नसतंच, ते सातव्या मिनिटानंतर ढासळतं. मग आम्ही वीस मिनिटं सलग चालणं बंद केलं. पाच मिनिटं चालायचं, दोन मिनिटं बसायचं, असं चारदा. अंतर तेच पडलं, पण चौथा हप्ताही नीट पावलांचा. मंडईत जाताना मला आता बसायच्या जागा माहीत आहेत: औषधाच्या दुकानाची पायरी, मारुतीचा पार, फुलवालीचं रिकामं खोकं. भाजी जिथे स्वस्त मिळते तिथे मी जात नाही. जिथे दुकानदार स्टूल पुढे सरकवतो तिथे जाते.

डॉक्टरांची एक मोठी मोजपट्टी आहे, कुर्ट्झके यांची, १९८३ची. शून्यापासून दहापर्यंत. चार म्हणजे आधाराविना पाचशे मीटर चालता येतं, सहा म्हणजे काठी घेऊन शंभर मीटर, सात म्हणजे चाकाची खुर्ची. चार ते सात हा सगळा टप्पा जवळपास चालण्यावरच ठरतो. औषधांच्या चाचण्यांना ती सोयीची आहे, माझं भांडण नाही. पण त्या पट्टीला माणूस किती मीटर गेला तेवढं दिसतं. कुठे गेला, आणि पोचल्यावर बोलायला त्याच्यात त्राण उरलं होतं का, हे दिसत नाही. मी शंभर मीटर चालून लग्नाच्या हॉलवर पोचले आणि मग दोन तास भिंतीला टेकून डोळे मिटून बसले, तर त्या चालण्याचं मी काय करू? त्यापेक्षा गेटपासून चाकाच्या खुर्चीत गेले आणि नवरीशी दहा मिनिटं हसून बोलले, तर माझ्या वहीत तो चांगला दिवस असतो.

'पाय ओढते' असं आपण एका शब्दात म्हणतो, पण त्यात चार वेगवेगळी भांडणं असतात आणि प्रत्येकाचा तोडगा निराळा.

पहिलं, पंजा वर उचलला जात नाही. उंबऱ्याला, सतरंजीच्या काठाला ठेच लागते. मग माणूस कंबर वर करून पाय गोल फिरवून टाकतो, आणि त्यात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त शक्ती खर्ची पडते. यावर घोट्याला आधार देणारी प्लॅस्टिकची पट्टी मिळते, ती बुटात घालायची. झकास वस्तू आहे, फक्त ती तयार करणाऱ्यांनी मराठी घर पाहिलेलं नाही. आम्ही पादत्राणं दाराबाहेर काढतो! म्हणजे रस्त्यावर माझा पंजा सरळ आणि स्वयंपाकघरात लोंबता, आणि दिवसाचे सोळा तास मी स्वयंपाकघराच्या बाजूलाच. शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला. नवे कोरे बूट आणवले, त्यांच्या तळाला हळदकुंकू लावलं आणि जाहीर केलं, "हे घरातले. हे उंबरा ओलांडायचे नाहीत. देवघराच्या दारापर्यंत चालतील." धर्मशास्त्राचा एवढा व्यवहारी निर्णय मी दुसरा पाहिला नाही.

पट्टीशिवाय विजेचं एक छोटं यंत्रही असतं. गुडघ्याखाली बांधतात, पाऊल उचलायच्या क्षणी ते नसेला बारीक झटका देतं आणि पंजा वर येतो. ही कल्पना १९६१ची, लिबर्सन यांची. ती एमएसमध्ये चालते कारण बिघाड मज्जारज्जूपर्यंतच असतो, तिथून पायात उतरणारी नस शाबूत असते. माझ्या खात्याच्या भाषेत: एक्स्चेंजची केबल भिजलीय, पण खांबावरून घरात येणारी ड्रॉप वायर ठणठणीत आहे. मी ते वापरून पाहिलं, वेग वाढला. किंमत ऐकून परत दिलं.

दुसरं भांडण ताठरपणाचं. पाय लाकडासारखा होतो, रात्री गोळे येतात. त्यावर बॅक्लोफेनच्या गोळ्या असतात. मला वाटलं, ताठरपणा पूर्ण घालवावा, म्हणून स्वतःच्या अकलेनं एक गोळी वाढवली, आणि सकाळी पलंगावरून उतरले ती खाली बसलेच. पाय मऊ झाला होता, गादीसारखा. तेव्हा समजलं, की पाय ताठ होता म्हणून तर इतके दिवस मी उभी होते. तेव्हापासून गोळीचं डॉक्टरांवर सोडलं, आणि रोज भिंतीपाशी पोटऱ्या ताणण्याचं माझ्यावर घेतलं.

तिसरं, तोलाचं. पाय जमिनीवर कुठे टेकलाय याची बातमी वर पोचत नाही, म्हणून डोळे ते काम करतात. डोळे मिटले की तोल गेलाच. मोरीत तोंडाला साबण लावला आणि मी आडवी, हे दोनदा झालं. २००५च्या सुमारास भारनियमनात रोज संध्याकाळी दिवे जायचे तेव्हा घरातले म्हणायचे, "पंखा गेला." मी म्हणायचे, "पाय गेले." आता बॅटरीचा दिवा उशाला, मोरीत भिंतीला दांडा, आणि तोंड बसून धुवायचं. दांडा तीनशे रुपयांत बसला. एमएसवर मी केलेल्या सगळ्या खर्चांत त्याच्याइतका दुसरा कुठलाच वसूल झाला नाही.

चौथा तो थकवा, आणि त्याबद्दल बोलायला मला थकवा येतो.

काठीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. २००४ साली, मी अडतीसची आणि सासूबाई बहात्तरच्या. त्यांना गुडघ्यासाठी काठी घ्यायची होती, मी सोबत गेले. फिजिओ मला वर्षभर काठी घे म्हणत होती, मी टाळत होते. दुकानात सासूबाईंनी एक काठी हातात घेतली, दुसरी माझ्यापुढे धरली.

"अगं, ही बघ, तुझ्या उंचीची आहे."

"आई, मला कशाला? लोक काय म्हणतील?"

"मला काय म्हणतील ते तुला म्हणतील. दोघींना मिळून एकदाच म्हणू दे."

मी ती उजव्या हातात धरली, कारण उजवा पाय दुबळा. दुकानदार हसला. "वहिनी, उलट्या हातात." काठी चांगल्या पायाच्या बाजूला धरायची असते, दुबळ्या पायाबरोबर पुढे टाकायची, म्हणजे भार वाटला जातो. मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. सिनेमातला जखमी नायक नेहमी चुकीच्या हातात धरतो. तुम्ही यापुढे बघा. आणि पायऱ्यांचा नियम: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी. मघाशी मी चढले ते तसंच.

औषधाचं एक सांगते, कारण दर दोन महिन्यांनी कुणीतरी "चालण्याची गोळी निघालीय म्हणे" असा निरोप पाठवतो. निघालीय. फॅम्प्रिडिन तिचं नाव, अमेरिकेत २०१०च्या जानेवारीत तिला मान्यता मिळाली. हेच रसायन तिकडे पाखरं पळवायला वापरत आले आहेत, ही माहिती घरी सांगितल्यावर माझी महिनाभर थट्टा झाली. आवरण उसवलेल्या जागी तंतूतून पोटॅशियम गळतं आणि संदेश विझतो. ही गोळी ती गळती अडवते. दोन मोठ्या चाचण्यांत ती घेणाऱ्यांपैकी ३५ आणि ४३ टक्के लोकांचा वेग सातत्यानं वाढला. खोटी गोळी घेणाऱ्यांत ८ आणि ९ टक्के. ज्यांना लागू पडली त्यांचा वेग साधारण पाव पटीनं वाढला. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना ती लागू पडत नाही, आणि आधी ते सांगता येत नाही. फिट येण्याचा धोका असतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर चालत नाही. मी पंधरा दिवस घेतली, गॅलरीतल्या रेघांवर रोज चालले, वही म्हणाली फरक नाही, बंद केली. माझ्या ओळखीच्या एकीला तिनं जिना परत दिला. वही ठेवा, एवढंच म्हणते.

योगाचं विचारतात. पुण्यात राहून विचारणारच. २००४ साली अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये ओकेन आणि सहकाऱ्यांनी एमएसच्या ६९ जणांवर सहा महिन्यांचा प्रयोग केला: काहींना अय्यंगार पद्धतीचा योग, काहींना सायकलचा व्यायाम, काही नुसते प्रतीक्षायादीवर. योग आणि सायकल दोन्ही गटांचा थकवा कमी झाला. स्मरणशक्ती वगैरे दोन्हींत सुधारली नाही. मला यातलं आवडलं ते हे, की पुण्यातली खुर्ची, पट्टा आणि भिंत ऑरेगनला पोचली. अय्यंगार गुरुजींनी आसनाला आधार देण्यात कधी कमीपणा मानला नाही. खुर्चीवर, दोरीला धरून, उशी घेऊन केलेलं आसनही आसनच. काठीचं तत्त्वज्ञान मला दुकानदारापेक्षा तिथे आधी शिकता आलं असतं. पण योगानं एमएस बरा होतो असं सांगणारा भेटला तर त्याला सायकलच्या गटाचं काय झालं ते विचारा.

मुंबईत १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करते, पुण्यातही तिची शाखा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट आलं, प्रमाणपत्र मिळू लागलं. हे सगळं घ्यावं, हक्कानं घ्यावं. मला ते प्रमाणपत्र काढायला ज्या कार्यालयात जावं लागलं ते दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. खिडकीतल्या माणसानं फॉर्म पाहून विचारलं, "तुम्ही वर आलात कशा?" मी म्हटलं, "चांगला पाय आधी." त्याला कळलं नाही.

आता गुरुजींच्या वाक्याकडे. चालणं आपल्याला आपोआप होतं असं वाटतं, कारण वीस वर्षांच्या धडधाकट माणसाला त्यासाठी डोकं लागत नाही. मला लागतं. पंजा उचल, गुडघा मागे जाऊ देऊ नकोस, पुढे फरशी ओली आहे, हे मी प्रत्येक पावलाला म्हणते. त्यात कुणी "काय म्हणतेस, मुलगा कुठे असतो?" असं विचारलं, की उत्तर द्यायला डोक्यातला जो कोपरा लागतो तोच पायांना दिलेला असतो. एमएसच्या माणसाला चालता चालता बोलायला लावलं की त्याचा वेग घटतो, हे प्रयोगशाळांत मोजून झालंय. गप्पिष्ट नातेवाईक हा माझ्यासाठी ओल्या फरशीइतकाच धोका आहे. घरात आता सगळ्यांना सवय झालीय. मी उठले की सगळे गप्प होतात, मी बसले की वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे सुरू होतं. पाहुण्यांना वाटतं, या घरात काहीतरी भांडण झालंय.

तेव्हा एक विनंती. प्रश्न असतील तर आत्ता विचारा, मी बसलेली आहे तोवर. कार्यक्रम संपला की बांबूला धरून मी उतरेन, दुबळा पाय आधी, आणि दारातल्या गाडीपर्यंत जाईन. येताना मोजलंय, बासष्ट पावलं आहेत. त्या वेळात कुणी नमस्कार केला तर मी उत्तर देणार नाही, राग मानू नका. गाडीत बसले की काच खाली करीन. मग सावकाश विचारा, कसं चाललंय म्हणून.